हेल्परपदी बढती

टेम्पोवाल्यानं गेटातूनच आवाज दिला, "माल आलाय, उतरवून घ्या!" आणि कारखान्यात एकानंही मान वर केली नाही.

दोनदा ओरडून झाल्यावर तोच आत आला. "हमाल कुठंय ओ तुमचा?"

"हमाल नाही आमच्याकडं," मी सांगितलं.

"मग एखादा कामगार पाठवा."

"कामगारही नाहीत."

त्यानं आजूबाजूला बघितलं. पॉलिशच्या चाकापाशी विलास कोळेकर उभा होता, कोपरापर्यंत काळा झालेला. दस्तगीरभाई मुजावर व्हॅनला टेकून तंबाखू मळत होते. हौसाक्का कपबश्या विसळत होत्या.

"आन् मग हे कोण?"

"ते जनरल मॅनेजर. ते ट्रान्सपोर्टचे व्हाइस प्रेसिडेंट. आणि त्या चीफ ऑफ हॉस्पिटॅलिटी."

"आन् तुम्ही?"

"एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर."

हे मी थट्टेनं म्हटलं नव्हतं. पंचविशीत होते मी, आणि ते दोन शब्द उच्चारताना माझी मान आपोआप ताठ व्हायची.

टेम्पोवाला भला माणूस. म्हणाला, "ठीक हाय. ह्या मॅनेजरसाहेबांनी एका बाजूनं धरलं तर दोघं मिळून..."

"धरलं असतं हो," कोळेकर म्हणाला. "पण आज मी पेटी धरली की उद्या सगळे म्हणणार, जनरल मॅनेजर हमाली करतो. माझं सोडा, पदाचं काय राहिलं मग?"

दस्तगीरभाईंनी तंबाखू ओठाआड सरकवली. "ट्रान्सपोर्ट म्हणजे चाकावरचं. खांद्यावरचं माझ्या खात्यात येत नाही."

हौसाक्का नुसतंच स्वतःच्या गुडघ्याकडं बोट दाखवून मोकळ्या झाल्या.

गलका ऐकून अण्णा मगदूम केबिनमधून बाहेर आले. कारखान्याचे मालक. पासष्टीचे, पोटावर हर्नियाचा पट्टा. त्यांनी टेम्पोकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं, आणि बहुतेक तेव्हाच त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं की आपल्याकडं अधिकारी भरपूर आहेत आणि माणूस एकही नाही. ते माझ्याकडं वळले. "नंदा, तू तरी..."

"अण्णा, मी एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर आहे," मी म्हणाले. "तुम्हीच केलंय."

टेम्पो माल घेऊन परत गेला.

आमचा कारखाना म्हणजे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली एक पत्र्याची शेड. नाव 'विजयमाला ट्रॉफीज'. शाळांच्या ढाली, सत्काराची सन्मानचिन्हं, दारावरच्या पितळी पाट्या, असं काय काय आम्ही बनवायचो. अण्णा मनानं फार मऊ. कुणाचं तोंड उतरलेलं त्यांना बघवत नसे. आणि माणसाला खूश करायचं सगळं साहित्य हाताशी! पितळ घरचं, कोरायचं मशिन घरचं, शालींचा गठ्ठा कपाटात. दस्तगीरभाईंचा मेव्हणा कुठंतरी मॅनेजर झाला आणि ह्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं, तेव्हा अण्णांनी त्यांना व्हाइस प्रेसिडेंट करून टाकलं. ते बघून कोळेकर रुसला, तो जनरल मॅनेजर झाला. हौसाक्कांना जावेनं 'कपबश्या धुणारी' म्हणून हिणवलं, त्या चीफ झाल्या. दर वेळी शाल, नारळ, एक छोटी ट्रॉफी आणि पाटी. टाळ्या वाजवायला आम्ही उरलेले.

माझं मात्र रुसणं-फुगणं नव्हतं. माझा प्लॅन होता. कॉलेजात शेवटच्या वर्षाला पुण्याचे एक पाहुणे करिअर ह्या विषयावर बोलून गेले होते. शिडीच्या एका पायरीवर सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबलात तर पाय तिथंच चिकटतील, असं त्यांनी सांगितलं. बाकीची पोरं भाषण संपायच्या आधीच कँटीनला पळाली. मी ते मनावर घेतलं. अण्णांकडं ऑफिस असिस्टंट म्हणून लागले, आणि दर सहा महिन्यांनी केबिनमध्ये जाऊन उभी राहायला लागले.

"अण्णा, माझं पुढं काय?"

अण्णा चष्मा काढायचे. "काय पाहिजे तुला?"

मी सांगायची. ते तिथूनच ओरडायचे, "कोळेकर, हिची पाटी कोरायला घाल रे!"

असं करत मी सीनियर एक्झिक्युटिव्ह झाले, मॅनेजर झाले, डायरेक्टर झाले, एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर झाले. काम तेच राहिलं. फोन घ्यायचे, बिलं करायची, पाट्यांवरच्या नावांत काना-मात्रा चुकलेली नाही ना ते बघायचं.

माझ्या पाट्या मी घरी न्यायची, ते आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझे वडील, सिद्राम चिकुर्डे. सांगलीत एका सरकारी कचेरीत साहेबाच्या दाराशी शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. मधे एकदा त्यांची दफ्तरी म्हणून बढती निघाली होती. आईनं शिरा केला, गल्लीत वाटला. पण आप्पा नव्या जागेवर हजर होण्याआधीच ते पदच रद्द झालं. शिरा तर खाऊन झालेला, त्यामुळं कुणी कुणाला काही बोलेना. पुढं आई गेली, थोरली ताई लग्न होऊन हडपसरला गेली, आणि घरात आप्पा आणि मी राहिलो. माझी प्रत्येक पाटी ते स्वतः खिळे ठोकून दारावर लावायचे. नवी वर, जुनी खाली. गल्लीत नव्यानं आलेल्या पोस्टमननं एकदा विचारलं होतं, ह्या घरात महानंदा नावाच्या किती बायका राहतात?

माझी पुढची पायरी पुण्यात होती. कंपन्यांना भेटवस्तू पुरवणारी एक मोठी कंपनी होती तिथं. तिचे ढवळे साहेब कोल्हापूरच्या एका प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर आले, तेव्हा ट्रॉफीच्या खोक्यात घालून मी माझा बायोडेटाच त्यांच्या हातात दिला होता. बरेच दिवस काही नाही. मग त्यांचा फोन आला. येत्या गुरुवारी दुपारी चारला येतो, मोठी ऑर्डर द्यायचा विचार आहे, नमुने तयार ठेवा. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "त्या एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर चिकुर्डे आहेत ना, त्यांनाही भेटायचंय."

टेम्पो परत गेला तो त्याच आठवड्यातला सोमवार. नमुने करायला शेडमध्ये पितळ नव्हतं, ट्रॉफीखालच्या बैठकांना लाकूड नव्हतं.

अण्णांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "एक हेल्पर नेमावा लागतोय."

"बाहेरून आणा की एखादा," कोळेकर म्हणाला.

"बाहेरचा माणूस तीन दिवसांत आपलं काम शिकतोय होय? आपल्यातलाच पाहिजे."

जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. अण्णाही पुढं रेटेनात. माणसाला वरून खाली उतरवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. बराच वेळ ते पेपरवेट फिरवत बसले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"ही बढतीच आहे," ते म्हणाले. "आजपासून हेल्पर हे पद सगळ्यात वर. माझ्या खालोखाल."

"एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरच्या वर?" मी विचारलं.

"वर. पाटीसुद्धा मोठी. उद्या इंटरव्ह्यू."

सगळ्यांच्या माना वर आल्या. मग कोळेकर खाकरला. "अण्णा, अर्ज तोंडी चालंल का?"

घरी जाताना बसमध्ये मला दुसरं काही सुचेना. गुरुवारी ढवळे येणार, आणि कोळेकर माझ्या डोक्यावर बसलेला असणार. पुण्याच्या माणसाला काय वाटणार? ही बाई घसरायला लागली. ते पद मिळवणं मला भागच होतं.

इंटरव्ह्यू घ्यायला अण्णा आणि हौसाक्का बसले. गुडघ्यामुळं अर्ज न केलेल्या त्या एकट्याच. दस्तगीरभाई आत गेले आणि लगेच बाहेर आले, कारण हेल्पर झाल्यावर व्हॅन कोण चालवणार ह्याचं उत्तर त्यांनाच सापडेना. मग कोळेकर गेला. केबिनचं पार्टिशन छतापर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळं आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?" अण्णांनी हा प्रश्न कुठूनतरी ऐकून ठेवला होता.

"हेल्पर म्हणूनच, अण्णा. ह्याच्या वर पदच नाही."

"वर मी आहे."

"तसं नव्हतं म्हणायचं," कोळेकर गडबडला.

आता हौसाक्कांचा आवाज आला. "पेटी कशी उचलणार सांग बघू."

"पेटी मी स्वतः नाही उचलणार, अक्का. पेटी उचलणारी एक टीम तयार करीन. तिला दिशा देईन."

"आन् ती टीम कुठनं आणतोस?"

"ते आधी धोरण ठरवावं लागंल."

मग मी. उत्तरं पाठ करून गेले होते, पण हौसाक्कांनी मला तोंड उघडूच दिलं नाही. कोपऱ्यात संगमरवरी तुकड्यांनी भरलेली एक पेटी होती, तिच्याकडं बोट केलं. "उचल."

उचलली. कमरेत कळ आली, ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

"ठेव."

ठेवली.

"झाली हेल्पर," हौसाक्का म्हणाल्या आणि चहा टाकायला निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी सत्कार झाला. शाल, नारळ, ट्रॉफी, आणि ताटाएवढी पाटी. महानंदा सिद्राम चिकुर्डे, हेल्पर. कोळेकरनं ती दातओठ खात कोरली होती, पण अक्षर सुरेख काढलं होतं. अण्णा चार शब्द बोलले, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या संपल्यावर सगळे तसेच उभे राहिले. सत्काराच्या खुर्च्या आत न्यायच्या होत्या.

"हेल्परसाहेब," दस्तगीरभाई अदबीनं म्हणाले, "आपल्या सोयीनं, घाई नाही."

घरी आप्पांनी पाटी हातात घेतली. वाचली. मागं आणखी काही कोरलंय का म्हणून उलटी करून बघितली.

"ही वर लावायची का खाली?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यात वर."

ते स्टुलावर चढले. खिळा ठोकता ठोकता मधेच थांबले. "आमच्या कचेरीत हेल्पर आमच्या खाली असायचा," ते म्हणाले. आणि मग घाईघाईनं, "पण ती सरकारी कचेरी. खाजगीत वेगळं असंल."

टेम्पोवाल्याच्या मिनतवाऱ्या करून माल पुन्हा मागवला. तो सवडीनं आला, गुरुवारी सकाळी. त्या दिवशी आप्पाही माझ्याबरोबर आले होते. "मी काय बोलत नाही. नुसतं लांबून बघतो साहेब कसा आहे," म्हणाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ती नम्रपणे बाजूला ठेवली, कुठूनतरी एक स्टूल शोधून आणलं आणि केबिनच्या दाराशी जाऊन बसले. खुर्चीत त्यांची पाठ लागत नाही.

मी माल उतरवायला घेतला. पितळी पत्र्यांचे गठ्ठे, लाकडी बैठकांची खोकी. एक आत ठेवून येईपर्यंत दुसऱ्याकडं बघवत नव्हतं. बाकीचे अधिकारी रांगेत उभे राहून आदरानं बघत होते. अण्णांना धीर निघेना म्हणून ते बनियनवरच पॉलिशच्या चाकापाशी बसले होते. आणि गेटाशी एक पांढरी गाडी येऊन थांबली.

ढवळे होते. चारला येणार म्हणालेला माणूस जेवायच्या वेळेआधी हजर.

अण्णा चाकाच्या मागं वाकले. मी खोक्यांच्या मागं. कोळेकर नुसताच गोल फिरला. शेडच्या काचेतून केबिनसमोरची जागा दिसायची, तिथं ढवळे आले. आडदांड, घाईचा माणूस. सरळ केबिनच्या दाराकडं निघाले, आणि आप्पा स्टुलावरून उठले. कसे उठले ते मला सांगता येणार नाही. घाई नाही, आवाज नाही. पण दार आणि ढवळे ह्यांच्या मधे आता आप्पा होते.

"कुणाला भेटायचंय, साहेब?"

"मगदूमांना. मी ढवळे, पुण्याहून."

"वेळ घेतली होती?"

"चारची होती. लवकर आलो."

"मग बसा. साहेब बिझी आहेत."

"कुणाबरोबर?"

"ते सांगायची मला परवानगी नाही."

केबिन रिकामी होती. ढवळ्यांनी दाराकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, आणि बसले. आप्पांनी कागदाचा एक कपटा आणि पेन पुढं केलं. "नाव आणि काम लिहून द्या. आत देतो."

ढवळ्यांनी खरडलं. आप्पा ते घेऊन रिकाम्या केबिनमध्ये गेले, दार लोटून घेतलं. आतून त्यांचाच हलका आवाज आला, "हो साहेब. सांगतो साहेब." मग बाहेर आले.

"कामाचं स्वरूप स्पष्ट नाही म्हणतात. परत लिहा."

कोळेकरनं स्वतःचं तोंड हातानं दाबून धरलं. हसू आवरल्यावर मला म्हणाला, "किती वेळ बसवतील ते त्याला?"

"कितीही," मी म्हणाले. "मंत्र्यांच्या पीएला बसवलंय त्यांनी."

"मग होतंय की!" अण्णा चाकामागून म्हणाले. "पण एवढा माल कोण उचलणार?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी ओढणी घामानं पिळून निघत होती, आणि टेम्पो अजून अर्धासुद्धा रिकामा झाला नव्हता. हे एका हेल्परचं काम नव्हतं, ते प्रत्येकाला दिसत होतं. पण पाय कुणाचाच हलेना. कोळेकर चुळबुळला. एकदा टेम्पोकडं गेला, परत आला.

"हेल्परसाहेब," तो हळूच म्हणाला, "समजा तुम्ही रजेवर गेलात, तर चार्ज कुणाकडं असतो?"

मला आधी कळेना. मग कळलं. "तुमच्याकडं," मी म्हणाले. "तुम्ही प्रभारी हेल्पर."

"आत्तापासून?"

"आत्तापासून."

कोळेकरनं शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि एका खेपेत दोन खोकी उचलली.

"आन् आम्ही काय करायचं?" दस्तगीरभाई दुखावल्या आवाजात म्हणाले. त्यांना मी अतिरिक्त प्रभारी केलं. "बसून करायचं काय असंल तर मलापण द्या," हौसाक्का म्हणाल्या, त्यांना सहायक प्रभारी केलं आणि बैठका पुसायला दिल्या. तेवढ्यात अण्णा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. एकदा माझ्याकडं, एकदा खोक्यांकडं बघायला लागले.

"काय झालं, अण्णा?"

"मला काही...?"

"तुम्ही मालक आहात."

"ते आहेच गं." ते पट्टा सारखा करत राहिले. "पण बढती मला कुणी कधी दिलीच नाही."

"तुम्ही मानद हेल्पर," मी म्हणाले.

अण्णांना इतकं खूश झालेलं मी ना आधी बघितलं, ना नंतर.

मग आम्ही जे काम केलं, तसं त्या शेडमध्ये कधी झालं नव्हतं. एकानं कापायचं, एकानं घासायचं, एकानं कोरायचं. मधूनमधून काचेपलीकडचे आवाज येत होते. "फोन करू का एक?" "साहेबांना विचारून सांगतो." थोड्या वेळानं, "निदान कारखाना तरी बघतो." "तिकडं उत्पादन चालू आहे. बाहेरच्यांना मनाई आहे." ढवळे सुरुवातीला ओरडून बोलत होते. नंतर नुसतं बोलायला लागले. हौसाक्का चहा देऊन आल्या आणि सांगायला लागल्या की तिसऱ्या चिठ्ठीत त्यांनी 'भेटीची वेळ मिळावी ही नम्र विनंती' असं लिहिलंय आणि खाली सही केलीय.

नमुने उभे राहिले. अण्णांनी तोंड धुतलं, शर्ट घातला, केस बसवले, आणि तेव्हा लक्षात आलं की केबिनचं एकुलतं एक दार ढवळ्यांच्या नाकासमोर आहे. आत असलेले साहेब बाहेरून आत कसे जाणार?

मागच्या बाजूला खिडकी होती. दस्तगीरभाईंनी खालून खांदा दिला, कोळेकरनं पाय धरले. अण्णांचा हर्नियाचा पट्टा खिडकीच्या खिटीत अडकला, मी तो सोडवला, आणि आत काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला.

"काय झालं?" बाहेर ढवळे दचकून उठले.

"मीटिंग संपली," आप्पा म्हणाले.

घंटी वाजली. आप्पांनी दार उघडलं. सकाळपासून ज्या साहेबाला ते 'हो साहेब' म्हणत होते, तो आता खरोखरच खुर्चीत बसलेला होता, जरा वाकडा, कमरेवर हात ठेवून. आप्पांची पापणीही हलली नाही.

"बोलावलंय," ते ढवळ्यांना म्हणाले.

आमच्याकडं येणारी गिऱ्हाइकं टेबलावर कोपर टाकून भाव पाडायची. ढवळे खुर्चीच्या काठावर बसले होते. नमुने त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बघितले. पहिला भाव मान्य केला. ऑर्डर झाली. मग मला आत बोलावणं आलं. माझे हात काळे, ओढणी कमरेला बांधलेली.

"तुम्ही एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर?"

"होते. परवा बढती झाली. आता हेल्पर आहे."

"बढती?"

"माझ्या खालोखाल तीच," अण्णा अभिमानानं म्हणाले.

ढवळ्यांनी बॅगेतून माझा बायोडेटा काढला, वरून खाली बघितला. "चांगलं आहे. पण खरं सांगू का, डायरेक्टर आमच्याकडं ढिगानं आहेत. आणि हेल्परची जागा सध्या नाही." त्यांनी तो परत बॅगेत ठेवला. मग आवाज खाली आणून अण्णांना विचारलं, "बाहेर ते गृहस्थ बसलेत, ते कोण?"

"हिचे वडील."

"कुठल्या पदावर आहेत तुमच्याकडं?"

अण्णांनी तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांपुढं पाटी तयार होताना मला दिसली. पण दारातून आप्पाच म्हणाले, "मी इथला नाही साहेब. मुलीबरोबर सहज आलोय."

"सहज?" ढवळे उठूनच उभे राहिले. "अहो काका, माझ्या केबिनमध्ये दिवसभर माणसं घुसतात. माल विकणारे घुसतात, विमेवाले घुसतात, बायकोच्या माहेरचे घुसतात. दोन गार्ड ठेवून बघितले, एक एमबीए झालेली सेक्रेटरी ठेवून बघितली. एकालाही कुणी थांबवू शकलं नाही. आणि तुम्ही आज मला बसवलंत. मला!" ते आप्पांजवळ गेले. "पुण्याला येता का?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या हातांकडं बघत राहिले.

संध्याकाळी आम्ही घरी परतलो. मी भाकरी थापत होते, जरा जोरातच.

"घाईत विचारलं असंल त्यांनी," शेवटी आप्पा म्हणाले.

"घाईत कशाला? तुम्ही चांगलं दुपारपर्यंत बसवलं होतं त्यांना."

"तुझी जागा होती ती, नंदा. मी सकाळी फोन करून नाही म्हणून सांगतो."

मी पुढची भाकरी तव्यावर टाकली. मला तेच हवं होतं. एकेक पायरी चढत मी पुण्याच्या दारापर्यंत आले होते, आणि ज्यांनी अर्जसुद्धा केला नव्हता ते स्टुलावर बसल्या बसल्या आत पोचले होते.

सकाळी कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर मी त्यांच्याबरोबर गेले. फोनवर बोलतानाही आप्पा ताठ उभे राहायचे, पलीकडं साहेब असला की.

"नमस्कार साहेब. चिकुर्डे बोलतोय, सांगलीहून. होय होय, ते स्टुलावरचे." ते ऐकत राहिले. "त्याबद्दलच फोन केला. मला काय जमायचं..."

थांबले. त्यांची पाठ माझ्याकडं होती. मग आवाज इतका बारीक झाला की मला पुढं सरकावं लागलं.

"नाही, पगाराचं नाही विचारत साहेब. एवढंच विचारायचं होतं... तिथं पुढं बढती असती का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. आप्पांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि वळले. साठी ओलांडलेला माणूस. त्यांचे कान लाल झाले होते.

"असती म्हणतोय," ते कुजबुजले.

मला रागवायचं होतं. ते राहूनच गेलं. "मग हो म्हणा की," मी म्हणाले. "साहेब ताटकळतोय तिकडं."

"ताटकळू दे थोडा," आप्पा म्हणाले. आणि सवडीनं हो म्हणाले.

ते हडपसरला ताईकडं राहायला गेले. मी कुपवाडलाच राहिले. ढवळ्यांच्या ऑर्डरीमागून आणखी ऑर्डरी आल्या आणि माणसं वाढवावी लागली. हेल्पर हे पद सगळ्यात वर असल्यामुळं नवी पोरं आमच्याकडं मॅनेजर म्हणून लागतात आणि मेहनत करून हेल्पर होतात. कोळेकर झाला. दस्तगीरभाई निवृत्त व्हायच्या आदल्या महिन्यात झाले. आज अण्णा नाहीत, कारखाना कोळेकर आणि मी मिळून बघतो, आणि बाहेरच्या लोकांना हे समजावून सांगायचं आम्ही केव्हाच सोडून दिलंय.

आप्पांना पुण्याला जाऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. भर दुपारी कारखान्यातला फोन वाजला. मागं गाड्यांचा गोंगाट, आणि आप्पा ओरडून बोलत होते.

"नंदा, झाली गं!"

"काय झाली?"

"बढती! साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. टाळ्या वाजवल्या लोकांनी."

मी मशिन बंद करायला खूण केली. सगळे माझ्याभोवती जमले. "अरे वा, आप्पा! कशावर झाली?"

पलीकडं नुसता गाड्यांचा आवाज.

"आप्पा? कुठलं पद दिलं?"

"ते..." आप्पा घुटमळले. "ते ऐकायला मी थांबलोच नाही गं. पेढे घ्यायला आलोय."